पदवीदानाच्या मंडपातली आईबापांची जागा

मागच्या वर्षी आमच्या मुलीच्या दीक्षांत समारंभाचे पत्र रामपायलीला घरी आले. सोबत पालकांसाठी दोन पास होते. आम्ही पदविका घेऊन सरकारी नोकरीला लागलेलो. आमचे प्रमाणपत्र आम्ही खिडकीवर सही करून घेतले होते. त्यामुळे सहज बोलून गेलो, "तिथे आपले काय काम? एक रजा फुकट जाईल." त्यावर आमची आई म्हणाली, "अरे, तुझे बाबा असते तर आदल्या रात्रीच टोपी घालून बसले असते." पुढे आम्ही काही बोललो नाही. पण आईबापांचे तिथे खरेच काय काम, हा प्रश्न मनात राहिला आणि त्यापायी जुन्या गोष्टी चाळल्या गेल्या.

आपल्याकडे शिक्षण संपल्याचा संस्कार म्हणजे समावर्तन, आपण त्याला सोडमुंज म्हणतो. बटू काशीला निघतो, मामा त्याला अडवतो आणि सारे हसतात. हे सगळे घरच्या अंगणात, आईवडिलांच्या देखत होते. तैत्तिरीय उपनिषदातला गुरूही निरोपाच्या वेळी शिष्याला आईवडिलांना देव मानायला सांगतो.

1857 साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली आणि हा सोहळा अंगणातून दूरच्या शहरात गेला. 1862 साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. आपल्या मध्य प्रांताची गोष्ट आणखी अवघड. नागपूरचे मॉरिस कॉलेज 1885 साली सुरू झाले, पण ते आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेले होते. म्हणजे शिक्षण नागपूरला आणि पदवी परप्रांताची. इकडच्या खेड्यातल्या बापाला त्या काळी तो प्रवास कुठून परवडणार?

पण दूरचा प्रवास हे एकच कारण नव्हते. आनंदीबाई जोशी यांना 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळाली. त्या प्रसंगी पती गोपाळराव हजर होते आणि पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. आईवडील मात्र सातासमुद्रापलीकडे, इकडेच. आनंदीबाई रोझेलच्या कारपेंटरबाईंना मावशी म्हणत. परदेशात माया लावली ती या मावशीने. पुढे वर्षभरात, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, आनंदीबाई गेल्या.

दुसरे उदाहरण सुभेदार रामजी सकपाळ यांचे. भीमरावांच्या पुस्तकांसाठी ते लेकींचे दागिने मागून आणून गहाण ठेवत, असे चरित्रकार सांगतात. मुलगा बी.ए. झाला आणि लगेच, 2 फेब्रुवारी 1913 रोजी, सुभेदारांनी देह ठेवला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या त्यानंतरच्या. ज्याने घरदार पणाला लावून मुलाला शिकवले, त्याला त्या पाहता आल्या नाहीत.

तिसरे उदाहरण खुद्द आपल्या गावाशी जोडलेले. डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांचे चुलते आबाजी रामपायलीला राहत. त्यामुळे केशवरावांचे चंदन नदीकाठच्या या गावी येणेजाणे होते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे आईवडील 1902 च्या प्लेगात एकाच दिवशी गेले. 1910 साली ते कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात दाखल झाले आणि डॉक्टर होऊन परतले. पण मुलगा डॉक्टर झाला हे ऐकायला आईबाप उरले नव्हते.

या तिघांचे मार्ग आणि विचार अगदी वेगळे. तिघांच्या पदवीच्या वेळी आईबापांची जागा मात्र रिकामीच होती. कुठे समुद्र आड आला, कुठे मरण.

पुढे अंतर हळूहळू कमी झाले. 4 ऑगस्ट 1923 रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. 1946 साली सागर आणि 1956 साली जबलपूर विद्यापीठ आले. त्याच 1956 च्या 1 नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आता तर छिंदवाड्यालाही विद्यापीठ आहे. आपली मुले नागपूरलाही शिकतात, जबलपूरलाही.

आम्ही पहाटेची बस धरून नागपूर गाठले. सौ.ने लग्नातली पैठणी नेसली होती. सभागृहात आमच्या शेजारी एक शेतकरी बसले होते, पायांत नव्या चपला, हातात पासाची घडी. मुलीचे नाव पुकारले गेले आणि ती व्यासपीठावर चढली. पदवी हाती घेताच तिने आधी आम्ही कुठे बसलो आहोत ते शोधले. तेव्हा उत्तर मिळाले. आईबापांचे तिथे काम एवढेच, मुलाने मान वळवून पाहिले तर जागेवर दिसायचे. बाबांची आठवण झाली आणि समोरचे काही वेळ धूसर दिसले.

आपला बाप्पा विद्येचा देव. पृथ्वीप्रदक्षिणेच्या पैजेत त्याने आईवडिलांभोवतीच फेरी घातली. आपली लेकरे मात्र खरोखरच जगाच्या फेरीला निघाली आहेत. ती पदवी घेतील त्या दिवशी, शेती असो की कचेरी, एक दिवस बाजूला ठेवून आपण तिथे जाऊन बसावे. आपल्याआधीच्या कितीतरी आईबापांना तेवढेही मिळाले नाही.

गणपती बाप्पा मोरया!