ठराव होता, पाणी नव्हतं

मराठीत ‘अधिकार’ हा एकच शब्द दोन कामं करतो. ‘मला पाणी भरण्याचा अधिकार आहे’ म्हटलं की तो हक्क. ‘त्यांचा गावात मोठा अधिकार होता’ म्हटलं की तो दुसऱ्याला हुकूम सोडायचा आणि तो मानून घ्यायचा मान. इंग्रजीत शिकलेल्या तुम्हाला ही अडचण वाटेल, कारण तिथे दोन वेगळे शब्द आहेत. पण महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट समजून घ्यायला हाच गोंधळ उपयोगी पडतो.

२० मार्च १९२७, डॉ. आंबेडकर, ओंजळभर पाणी, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्याआधीची साडेतीन वर्षं मात्र सहसा कुणी सांगत नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केलं. म्हणजे हक्क मिळाला. आणि तरी तळ्यावर कुणी गेलं नाही.

का गेलं नाही, हे आंबेडकरांनीच नोंदवलेल्या एका तपशिलातून कळतं. आसपासच्या खेड्यांतले महार महाडला यायचे ते फक्त बाजाराला नाही, तर गावकामगार म्हणूनही. गावचा सरकारी कागद तालुक्याला पोचवायचा, गोळा झालेला सारा भरायचा, हे काम त्यांचं. सरकारचा पैसा नेण्याइतका विश्वास त्यांच्यावर होता, पण त्याच गावात तहान लागली तर बाजारापासून लांब, महारवाड्याच्या विहिरीवर जायचं. तळ्यावर इतर धर्मांचे लोक पाणी भरत, गुरंही पीत.

माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाचा मोठा ग्रंथ १९२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यात त्याने सत्ता आणि अधिसत्ता वेगळ्या काढल्या. सत्ता म्हणजे समोरच्याचा विरोध मोडून आपलं म्हणणं चालवता येणं. अधिसत्ता म्हणजे हुकूम निघाला की तो पाळला जाणं, कारण पाळणाऱ्यालाही तो पाळायचाच असतो असं वाटतं: परंपरा आहे म्हणून, कायदा आहे म्हणून, किंवा सांगणाऱ्या माणसाचा प्रभावच तसा आहे म्हणून. महाडमध्ये रूढीला रोज काठी उगारावी लागत नव्हती. पण वेबरला इथे एक पुस्ती जोडायला हवी. पाळणारा प्रत्येक जण मनातून पटलं म्हणून पाळत नाही. ज्याची भाकर, जमीन आणि बलुतं त्याच लोकांच्या हातात आहे, तो गप्प राहतो. त्याच्या गप्प बसण्याला संमती म्हणणं मला पटत नाही.

‘कायदा आहेच की, वेगळा कशाला?’ हे तुम्ही अलीकडे ऐकलं असेल. सिअ‍ॅटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावविरोधी कायद्यात जातीचा उल्लेख घातला. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक मंजूर झालं, पण सध्याचे कायदे पुरेसे आहेत असं म्हणत गव्हर्नरांनी ते परत पाठवलं. तो वाद इथे सोडवत नाही. फक्त १९२३ चा ठरावही चांगला, स्पष्ट आणि सरकारी होता, एवढं लक्षात असू द्या.

मार्च १९२७ च्या परिषदेला अडीच हजारांच्या आसपास लोक जमले. त्यांच्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सगळे मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवणाऱ्यांवर लाठ्या चालल्या. इतकी वर्षं नुसत्या धाकावर चाललेल्या रूढीला आता उघड मारामारी करावी लागत होती. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं, आणि ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा काही सवर्ण कोर्टात गेले, तळं खाजगी आहे म्हणाले आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली, पण हजारो लोक तयार असूनही आंबेडकरांनी तळ्याचं पाणी घेऊ दिलं नाही. मिरवणूक तळ्याभोवती फिरून परतली. महाडच्या गोष्टीतली ही मला सगळ्यात अवघड जागा वाटते. ज्या कायद्याने साडेतीन वर्षं काहीच दिलं नव्हतं, त्याचा हुकूम त्यांनी मानला. तो निर्णय बरोबर होता का, यावर मित्रांशी जरूर भांडा.

मात्र कोर्टात जाण्याची किंमत दुसऱ्या बाजूलाही मोजावी लागली. रूढीला आता कायद्याच्या भाषेत बोलणं भाग होतं: ही वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे पुराव्याने दाखवा. खालची कोर्टं झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तिथे निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते, १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधींना शिक्षा सुनावणारे तेच. १७ मार्च १९३७ ला निकाल लागला. तशी अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नव्हती.