शनिवार तळघरात आहे : मोंटिसेलोच्या घरफेरीचा इतिहास

अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर १९३८ साली एक घर आले. मधोमध घुमट, पुढे खांबांची ओसरी. व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिलजवळच्या टेकडीवर असलेले हे मोंटिसेलो. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक आणि देशाचा तिसरा राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन याचे हे निवासस्थान. आज ते संग्रहालय आहे आणि लोक गटागटाने, मार्गदर्शकाच्या मागोमाग ते पाहतात. हा थ्रेड त्या घराविषयी कमी आणि त्या फेरीविषयी अधिक आहे. खोल्या त्याच राहिल्या. त्यांत उभे राहून सांगितली जाणारी गोष्ट मात्र बदलली.

फेरीची सुरुवात प्रवेशदालनात होते. दारावर जेफरसनने स्वतः आखलेले मोठे घड्याळ आहे. तोफगोळ्यांसारखी वजने दोरांना टांगलेली आहेत. ती आठवडाभर हळूहळू खाली उतरतात आणि भिंतीवर लिहिलेल्या वारांपाशी येऊन आजचा वार दाखवतात. भिंत आठवड्याला पुरली नाही, म्हणून जमिनीला भोके पाडून दोर खाली सोडले. शनिवारची खूण तळघरात आहे.

याच घड्याळाची दुसरी तबकडी घराबाहेर आहे आणि तिला केवळ तासकाटा आहे. छपरावरच्या घंटेचे टोल शेतात राबणाऱ्यांच्या कानी पडत. मिनिटांचा हिशेब घरातल्यांसाठी होता.

पुढे भोजनगृह. शेकोटीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत दडवलेले छोटे पाळणे आहेत. तळघरातून मद्याच्या बाटल्या त्यांतून वर येत. एका फिरत्या दाराच्या पाठीवर फळ्या बसवल्या आहेत. बाहेरून त्यांवर जेवणाची भांडी ठेवायची, दार फिरवायचे, की ती आत. अनेक दशके ही यंत्रे यजमानाच्या कल्पकतेचा नमुना म्हणून दाखवली गेली. ‘बाटल्या वर येत’, ‘ताटे आत येत’. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्ये निर्दोष आहेत, परंतु बाटली पाळण्यात ठेवणारा आणि दार फिरवणारा हात त्यांत कुठेच नाही. पाहुण्यांच्या नजरेआड तो हात राहावा, हाच तर त्या दाराचा एक उपयोग होता. दाराने जे जेफरसनच्या हयातीत साधले, ते पुढे वाक्यांनी साधले.

जेफरसनने आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. त्यांतली सुमारे ४०० मोंटिसेलोवर राहिली. घराशेजारच्या ‘मलबेरी रो’ या रस्त्यावर त्यांची घरे आणि कामशाळा होत्या. १७९४ पासून तेथे खिळ्यांचा कारखाना चाले आणि त्यात घण मारणारे कामगार १० ते १६ वर्षांचे मुलगे असत.

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, जेफरसनचे निधन झाले. मागे एक लाख डॉलरहून अधिक कर्ज उरले. मृत्युपत्राने पाच पुरुषांना मुक्त केले. त्यांत लोहार जो फॉसेट होता. त्याची पत्नी आणि मुले त्यात नव्हती. जानेवारी १८२७ मध्ये घराच्या वस्तूंबरोबर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. जोची पत्नी ईडिथ वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांच्या निवासात फ्रेंच पाककला शिकलेली, मोंटिसेलोची मुख्य स्वयंपाकीण. तीही विकली गेली. त्यांचा मुलगा पीटर तेव्हा ११ वर्षांचा होता. त्याला वेगळ्या माणसाने विकत घेतले. पुढे पीटरने दोनदा पळून जाण्याचा प्रयत्न केला. अखेर १८५० च्या सुमारास तो मुक्त झाला आणि सिनसिनाटीत धर्मोपदेशक म्हणून नावाजला. १९०० साली, म्हाताऱ्या वयात, तो मोंटिसेलोला पाहुणा म्हणून आला. या घराला भेट देणाऱ्यांची यादी कोणी केलीच, तर तिच्यात हे नाव वर असायला हवे.

तेव्हा घर लेव्ही कुटुंबाकडे होते. नौदल अधिकारी युराया लेव्ही याने १८३४ साली मोडकळीस आलेले मोंटिसेलो विकत घेतले. त्याने आणि पुढे त्याच्या पुतण्याने ते सांभाळले नसते, तर आज पाहायला फारसे उरले नसते. १९२३ साली पुतण्याने ते पाच लाख डॉलरना एका स्मारक संस्थेला विकले. तेथून संग्रहालयाचा काळ सुरू होतो.

आणि इथे सॅली हेमिंग्जची गोष्ट येते. ती जेफरसनच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण होती आणि त्याच घरात गुलामही होती. १७८७ साली, वयाच्या १४ व्या वर्षी, तिला जेफरसनच्या मुलीसोबत पॅरिसला पाठवण्यात आले. फ्रान्समध्ये तिला स्वातंत्र्य मागता आले असते. तिचा मुलगा मॅडिसन सांगतो की, आपल्या होणाऱ्या मुलांना २१ व्या वर्षी मुक्त करण्याचे वचन घेऊनच ती परतली. त्या मुलांचे वडील जेफरसन होते, हेही तो स्पष्ट सांगतो.

मॅडिसनची ही साक्ष ओहायोतील एका वृत्तपत्रात १८७३ साली छापली गेली. योगायोग असा की, त्याच वर्षी जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले आणि काळ्यांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेला ते अर्पण केलेले होते. पुण्याला अमेरिकेतली मुक्ती दिसत होती. अमेरिकेतल्या इतिहासकारांना मात्र मॅडिसनचे म्हणणे शतकभर विश्वासार्ह वाटले नाही.

१९४१ साली मोंटिसेलोच्या दक्षिण कक्षात पर्यटकांसाठी स्वच्छतागृह बांधले गेले. सॅली जिथे राहिली असावी अशी खोली त्याच ठिकाणी होती.

बदल १९९३ पासून दिसू लागला. त्या वर्षी गुलाम कुटुंबांच्या वंशजांच्या मुलाखती घेण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि मलबेरी रोवरून स्वतंत्र फेऱ्याही निघू लागल्या. १९९८ साली डीएनए चाचणीने सॅलीच्या धाकट्या मुलाच्या वंशाचा जेफरसन घराण्याशी संबंध दाखवला. एकट्या चाचणीने टॉमसकडेच बोट दाखवता येत नाही. परंतु कागदपत्रे जोडून पाहिल्यावर २००० साली संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेने मॅडिसनची बाजू बहुतांशी मान्य केली. काही अभ्यासकांचा विरोध आजही आहे. जेफरसनविषयी ऐकायला आलो, गुलामगिरीविषयी कशाला सांगता, अशी नाराजी मार्गदर्शकांनाही ऐकावी लागते. घराचा प्रत्येक खिळा कोणी घडवला हे न सांगता घर कसे दाखवावे, याचे उत्तर त्या तक्रारीत नसते.

२०१८ साली दक्षिण कक्षात सॅलीचे दालन खुले झाले. तिचे एकही चित्र उपलब्ध नाही, म्हणून तेथे केवळ एक सावली आणि मॅडिसनचे शब्द आहेत.

जेफरसनच्या मूळ समाधिस्तंभाचे टवके पर्यटकांनी आठवण म्हणून इतके काढून नेले, की १८८३ साली दुसरा स्तंभ उभारावा लागला. सॅली १८३५ साली शार्लट्सव्हिलमध्ये, आपल्या मुलांसोबत राहत असताना वारली. तिला कोठे पुरले, हे कोणालाही ठाऊक नाही.