बाटलीतले 'शुद्ध'

'पाणपोई' या शब्दातली 'पोई' संस्कृत 'प्रपा'पासून आलेली आहे. प्रपा म्हणजे वाटसरूंना पाणी पाजण्याचे ठिकाण. हालाच्या गाथासप्तशतीतील पाणपोईची गाथा साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असते: पाणी पाजणारीकडे अधिक वेळ पाहता यावे म्हणून वाटसरू तोंड वर करून ओंजळीची बोटे सैल सोडतो, आणि तीही धार बारीक करीत जाते. शृंगाराचे उदाहरण म्हणून ती शिकवली जाते, ते योग्यच आहे. परंतु वरून धार आणि खाली ओंजळ या रचनेचा दुसरा अर्थही महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. भांड्याला हात लागू नये म्हणून ज्यांना उंचावरून पाणी वाढले जाई, त्यांच्या ओंजळीवर त्या काळात कोणी गाथा रचली नाही.

बाटलीबंद पाण्याचा आपल्याकडचा इतिहास मांडताना तो कारखान्यापासून सुरू करण्याचा प्रघात आहे. माझ्या मते तो 'शुद्ध' या शब्दापासून सुरू करावा लागतो. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ब्रिटिश अमदानीत रेल्वेच्या फलाटांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे मिळे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून त्याचे 'शुद्धीकरण' केले. शेण आणि गोमूत्र मिसळल्याने पाणी शुद्ध होते, असे ज्या समाजाला वाटत होते, त्याच्या दृष्टीने शुद्धता हा पाण्याचा गुण नव्हताच. पाण्याला कोणाचा हात लागला, एवढाच तो प्रश्न होता.

या पार्श्वभूमीवर १९६५ साल पाहावे. बिसलेरी हे नाव मुळात फेलिचे बिसलेरी या इटालियन उद्योजकाचे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये त्या नावाचे पाणी काचेच्या बाटल्यांत भरले जाऊ लागले, आणि १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी तो व्यवसाय विकत घेतला. पाणी विकत कोण घेणार, असे तेव्हा लोक विचारीत. पुढे काच जाऊन प्लॅस्टिक आले आणि बाटली बड्या हॉटेलांतून एसटी स्टँडवर पोहोचली. सीलबंद झाकणाने एक मोठे काम केले, हे नाकारता येणार नाही: पाणी कोणी भरले, हे विचारण्याचे कारण उरले नाही. मात्र ज्याच्या खिशात पैसे असतील, त्याच्यापुरतेच. आणि पाण्यात काय आहे, हा प्रश्न याही वेळी बाजूलाच राहिला. हातावरचा अविश्वास आणि झाकणावरचा विश्वास, दोन्ही पाणी न तपासताच ठेवलेले.

२००१ मध्ये या पाण्याला आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने दिल्ली आणि मुंबई परिसरातील बाटल्यांची तपासणी जाहीर केली. लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस ही कीटकनाशके नामांकित पाण्यातही निघाली. कारण साधेच होते. बहुतेक कारखाने भूजल उपसत, आणि शेतात फवारलेले विष त्याच भूजलात उतरते. मानकाची भाषा तर अभ्यासण्याजोगी आहे: कीटकनाशके 'आढळण्याच्या मर्यादेखाली' असावीत, असे त्यात म्हटले होते, पण तपासणीची जी पद्धत सांगितली होती तीच इतकी ढोबळ होती, की फारसे काही आढळूच नये. नियमांच्या गद्याचे समीक्षण आपण सहसा करीत नाही, करायला हवे. गदारोळानंतर एका कीटकनाशकासाठी लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅम अशी स्पष्ट मर्यादा आली आणि ती २००४ पासून लागू झाली.

आता बाटलीच संशयाखाली आहे. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात, तिथल्या तीन ब्रँडच्या पाण्यात लिटरमागे सरासरी सुमारे २ लाख ४० हजार प्लॅस्टिककण मोजले गेले. बहुतेक कण नॅनो आकाराचे होते. त्यांचा शरीरावर नेमका परिणाम काय, हे अद्याप ठरलेले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाण्याला अधिक जोखमीच्या अन्नवर्गात घातले.

पाणी पिऊन झाल्यावर बाटली मात्र उरते. महाराष्ट्राने २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत बाटलीवर परतीची किंमत छापण्याची अट घातली होती; तो एक-दोन रुपयांचा परतावा कोणाला मिळाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. बाटल्या परत जातात त्या वेगळ्या वाटेने. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'मध्ये प्रामुख्याने स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य दलित आहेत. आपण टाकलेली बाटली त्या उचलतात, झाकण वेगळे करतात आणि भंगारच्या दुकानात वजनावर विकतात.