हृदयाची चोरदिंडी

मी पेशाने इतिहासाचा मास्तर. नागपुरात राहून इतिहास शिकवावयाचा म्हणजे सीताबर्डीचा किल्ला आणि भोसल्यांचा वाडा ओघानेच आले. परंतु गडकोटांचे नकाशे पाहता पाहता मला नाद लागला तो चोरदिंडीचा. रायगडाला महादरवाजा आहे, तशी चोरदिंडीही आहे. महादरवाज्याने मिरवणुका जातात. अडचणीच्या वेळी कामास येते ती चोरदिंडी, आणि गाफील राहिले तर घात होतो तोही तिच्यातूनच.

माणसाच्या हृदयालाही अशी एक चोरदिंडी आहे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना आपण कर्णिका म्हणतो. डाव्या कर्णिकेला अंगठ्याएवढी एक पिशवी लोंबत असते, कानाच्या पाळीसारखी. लॅटिनमधले नाव काय आणि आपले काय, दोन्ही कानावरूनच पडले. या पिशवीवाचून शरीराचे फारसे अडत नाही. तरीही हृदयाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास तिच्याभोवती फिरला आहे.

शंभर वर्षांपूर्वी धडधडत्या हृदयाला हात लावणे म्हणजे अविचार, असेच मोठमोठे डॉक्टर मानीत. ६ मे १९२५ रोजी लंडनमध्ये हेन्री सूटर या शल्यविशारदाने एका तरुण मुलीच्या छातीत हात घातला. तिच्या हृदयाची झडप आकसली होती. सूटरने डाव्या कर्णिकेच्या या पिशवीला छेद दिला, त्यातून बोट आत सरकवले आणि झडप रुंद केली. मुलगी बरी होऊन घरी गेली. परंतु त्यानंतर दुसरा रोगी त्यांच्याकडे कोणी पाठविलाच नाही! पुढे काही वर्षांनी ती मुलगी दगावली, ती मेंदूत रक्ताची गुठळी अडकून. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१९४८ साली अमेरिकेत बेली व हार्कन यांनी आणि इंग्लंडात ब्रॉक यांनी हीच वाट पुन्हा उघडली. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ती चालविली. हे सेन म्हणजे १९६८ साली भारतातले पहिले हृदयारोपण करणारे. त्यांचे सुरुवातीचे शिक्षण आमच्या नागपुरात झाले, याचा मला अभिमान वाटतो. लहानपणी घसा धरून आणि सांधे सुजवून येणाऱ्या तापाने ज्यांच्या झडपा आकसल्या, अशा कितीतरी गोरगरिबांना या दिंडीने जीवदान दिले.

आता याच दिंडीची दुसरी बाजू. उतारवयात पुष्कळांच्या कर्णिकांची लय बिघडते. त्या नेमाने आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरतात आणि मनगटावरची नाडी वेडीवाकडी लागते. रक्त खेळते राहत नाही. पिशवीच्या कोपऱ्यात ते साचते, गोठते, आणि एखाद्या दिवशी गुठळी सुटून थेट मेंदूत जाते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीने १९९१ साली दाखविले की या विकारात अर्धांगाचा धोका सुमारे पाचपट होतो. आणि १९९६ सालच्या एका अभ्यासात असे आढळले की, झडपा निरोगी असलेल्यांच्या कर्णिकेतल्या गुठळ्यांपैकी ९१ टक्के या पिशवीतच होत्या.

आमच्या घरी हे आकड्यांतून शिकावे लागले नाही. माझ्या आजीची नाडी अशीच चाले, असे वैद्यबुवा म्हणत. १९६३ साली तिला झटका आला. पुढची सात वर्षे ती महालातल्या घरी ओसरीवर पडून होती. सारे तिला समजे, पण बोलता येत नसे.

उपाय दोन होते. पहिला, पिशवीच कापून टाकावयाची. न्यूयॉर्कच्या जॉन मॅडन यांनी तसे प्रयोग १९४९ साली प्रसिद्ध केले; पण त्यासाठी छाती उघडावी लागे. दुसरा उपाय औषधाचा. नासका चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत, त्या चाऱ्याच्या शोधातून वॉरफरिन निघाले. आधी ते उंदीर मारावयास विकले गेले आणि १९५४ पासून माणसांना देण्यात येऊ लागले. ते गुणकारी खरे. पण गुठळी रोखणारे औषध रक्तस्रावही वाढविते.

तिसरी वाट नळीची. १९२९ साली जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली. तेव्हा त्याची उपेक्षा झाली; १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच जर्मनीत, फ्रँकफुर्टला, ऑगस्ट २००१ मध्ये होर्स्ट सीव्हर्ट यांनी जांघेतल्या शिरेतून नळी घातली, दोन कर्णिकांमधला पडदा ओलांडला आणि पिशवीच्या तोंडाशी धातूचे बूच उघडले. हा धातू निकेल आणि टायटॅनियमचा. नळीत मिटून बसतो आणि बाहेर येताच छत्रीसारखा आपला आकार घेतो. त्यावर काही आठवड्यांत शरीर स्वतःचे अस्तर चढविते. दिंडी बुजली!

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या आत्यासमोर आला. वय एकोणऐंशी, नाडी आजीच्या वळणाची, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी पोटात दोनदा रक्तस्राव झालेला. डॉक्टरांनी काहीही लपविले नाही. नळी हृदयाला बोचू शकते, भोवती रक्त साचू शकते, बुचाच्या कडेने फट राहू शकते. आम्ही सारे चिंतेत, आत्या मात्र म्हणाली, "काहून भिता रे? रात्री परसदाराला कडी मी जन्मभर लावली. याही दाराला लावू द्या." तासाभरात काम झाले. आज ती स्वतःच्या हाताने अनरसे थापते आणि आमची उणीदुणीही काढते.

परंतु हे बूच सर्वांसाठी नव्हे. तापाने झडप आकसलेल्यांत गुठळ्या पिशवीबाहेरही होतात. वरच्याच अभ्यासात तिथे पिशवीतल्या गुठळ्यांचे प्रमाण ५७ टक्केच निघाले. त्यांना गोळीच हवी. ज्यांना गोळी मानवते, त्यांनी ती आपल्या मनाने सोडू नये. गोळी दीर्घकाळ घेणे ज्यांना धोक्याचे, त्यांच्यासाठी मुख्यतः ही वाट आहे.

दिवाळीत सारे घर एकत्र येते. पाडव्याला वडीलधाऱ्यांच्या पाया पडाल, तेव्हा मिनिटभर त्यांचे मनगटही हाती घ्या. ठोके नेमाने पडत नसतील, तर डॉक्टरांकडून हृदयाचा आलेख काढवून घ्या. आजीच्या मनगटाला बोटे लावून वैद्यबुवांना जे कळले होते, त्यावर तेव्हा असा इलाज नव्हता. आज आहे.