आजच्या रात्रीपुरती खोली: मजकुरी खेळांतल्या तात्पुरत्या वर्णनाचा इतिहास

आजच्या धाग्यात ना किल्ला आहे, ना तह. विषय अगदी अलीकडचा आहे, इतका की त्याला इतिहास म्हणावे का, असा प्रश्न आमच्या वर्गातच निघाला होता. ज्या संगणकीय खेळांत एकही चित्र नसते, सारे जग केवळ मजकुराचे असते, तिथे खोलीचे वर्णन लिहिण्याचा अधिकार कोणाचा? आणि त्या वर्णनात एका रात्रीपुरता बदल करायचा असेल तर तो कोणी आणि कसा करायचा? प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्याच्या पोटात मालकीचा आणि साधनांचा असे दोन्ही प्रश्न दडलेले आहेत.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. पडद्यावर चार-सहा ओळी उमटतात: तुम्ही कुठे उभे आहात, काय दिसते, दारे कोणत्या दिशेला आहेत. ‘लुक’ असा शब्द टाइप केला की त्याच ओळी पुन्हा येतात. खोली म्हणजे तो परिच्छेद. त्याच्यापलीकडे खोलीला अस्तित्व नाही.

या परंपरेचा उगम एका खऱ्या गुहेत आहे. विल क्राउदर हा अमेरिकी प्रोग्रामर गुहा धुंडाळणारा होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या एका भागावर बेतून त्याने १९७५-७६च्या सुमारास ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ लिहिला. १९७७मध्ये डॉन वूड्सने त्याचा विस्तार केला. या खेळात खोली प्रथम पाहताना सविस्तर वर्णन येई, नंतर संक्षिप्त. दिवा नसेल तर काळोख. म्हणजे वर्णन बदलत असे, पण लेखकाने आधीच लिहून ठेवलेल्या पर्यायांपुरतेच. खेळणारा एकटा असल्याने त्यावरून भांडण होण्याचे कारणच नव्हते.

भांडायला दुसरा माणूस लागतो. तो १९७८मध्ये आला. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने, आणि पुढे रिचर्ड बार्टलने, अनेकांना एकाच वेळी खेळता येईल असा ‘मड’ रचला. मात्र तिथेही खोल्या रचनाकारांच्याच होत्या. खेळाडूंनी काहीही उलथापालथ केली तरी ठरावीक काळाने सारे जग पूर्ववत केले जाई.

खरा पालट झाला १९८९मध्ये. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जेम्स अ‍ॅस्पनसने ‘टायनीमड’ लिहिला. खेळातले थोडे पैसे मोजले की कोणीही ‘डिग’ आज्ञेने नवी खोली खणू शकत असे आणि ‘डिस्क्राइब’ आज्ञेने तिचे वर्णन लिहू शकत असे. वाचक एका दिवसात लेखक झाले. त्याबरोबर मालकी आली: ज्याची खोली, त्याचेच वर्णन. पाहुण्याने बसावे, बोलावे, पण भिंतीला हात लावू नये. १९९०मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिसने ‘लॅम्डामू’ सुरू केला. त्यातले मुख्य घर कर्टिसच्या स्वतःच्या घरावर बेतलेले होते. नवा माणूस तिथे कोटांच्या कपाटात अवतरत असे आणि दार उघडून दिवाणखान्यात येत असे. त्या दिवाणखान्यात असंख्य लोक वावरले, पण त्याचे वर्णन सामान्य पाहुण्याला बदलता येत नव्हते.

गप्पांपुरते हे ठीक होते. पण १९९०मध्येच लॅरी फोर्डने ‘टायनीमश’ लिहिला आणि त्या कुळातल्या खेळांत भूमिका वठवून सामूहिक कथा रचण्याची प्रथा रुजली. इथे अडचण उभी राहिली. समजा, एका सरायीचा माळा आहे. मालकाने वर्णनात कोवळे ऊन, झाडलोट केलेली फरशी आणि उघडी खिडकी लिहून ठेवली आहे. आजच्या कथेत मात्र वादळी रात्र आहे, बाके उलथली आहेत, दिवे विझले आहेत. पहिल्या खेळाडूने हे सारे एका परिच्छेदात सर्वांना ऐकवले. तो मजकूर पडद्यावरून वर सरकला आणि गेला. अर्ध्या तासाने चौथा खेळाडू आला. त्याने ‘लुक’ टाइप केले आणि त्याला ऊन दिसले. तो आपल्या पात्राला उन्हात पाठ शेकत बसवतो. बाकीचे तिघे कपाळाला हात लावतात.

‘तात्पुरते वर्णन’ या सोयीचे मूळ माझ्या मते या चौथ्या खेळाडूत आहे. बोललेले शब्द हजर असलेल्यांपुरते असतात. उशिरा येणाऱ्यासाठी काहीतरी लिहून ठेवावे लागते.

साधा मार्ग असा की मालकाने मूळ वर्णन आपल्या फाइलमध्ये उतरवून घ्यावे, खोलीत नवे टाकावे आणि खेळ संपल्यावर जुने परत बसवावे. मांडव घातला की उतरवायचाही असतो, आणि माणसे नेमके तेच विसरतात. शिवाय ‘डिस्क्राइब’ आज्ञा जुन्या मजकुराची प्रत ठेवत नाही. फाइल हरवली की मूळ खोली गेली. दुसरा मार्ग म्हणजे त्या प्रसंगापुरती वेगळी खोली खणायची आणि नंतर ती नष्ट करायची.

तिसरा मार्ग मला सर्वांत सुज्ञ वाटतो. ‘मश’मध्ये वर्णनाच्या मजकुरातच सूत्रे लिहिता येतात. म्हणून मूळ वर्णनाच्या शेवटी, दुसऱ्या कप्प्यात ठेवलेला मजकूर ओढून आणणारे सूत्र टाकायचे. मूळ परिच्छेद मालकाचा. त्याखालचा कप्पा आजच्या खेळाडूंचा. तो रिकामा केला की खोली पुन्हा पहिल्यासारखी. इथे तंत्राने मालकीचा तंटा मिटवला. शिलालेखाला धक्का न लावता शेजारी धूळपाटी ठेवली, एवढेच. पुढच्या प्रणालींनी ही युक्ती पोटात घेतली. ‘एरेसमश’मध्ये प्रसंगाची मांडणी मूळ वर्णनाला जोडून दाखवण्याची सोय आहे. ‘इव्हेनिया’ या पायथॉनवर आधारलेल्या प्रणालीत ऋतू आणि प्रहरांनुसार वर्णन पालटणाऱ्या खोल्या करता येतात.

धूळपाटीवर लिहिण्याचेही एक व्याकरण आहे. ‘दार धाडकन उघडले’ असे त्यात लिहू नये, कारण जो जो पाहील त्याच्यासाठी ते दार दर वेळी नव्याने उघडेल. ‘दार सताड उघडे आहे’ असे लिहावे. ‘दिवा विझला’ नव्हे, ‘विझलेला दिवा’. घटना बोलण्यात जाते, तिचा परिणाम वर्णनात उरतो. आपल्या भाषेतली कृदंते या कामाला किती उपयोगी आहेत, हे मला हा विषय अभ्यासताना प्रथमच जाणवले. दुसरा संकेत शिष्टाचाराचा: ‘तुम्हाला भीती वाटते’ असे लिहू नये. दुसऱ्याचे पात्र काय अनुभवते हे ठरवण्याचा अधिकार खोलीलाही नाही.

आता साधनांचा प्रश्न. टायनीमडची पहिली वसाहत वर्षभरही टिकली नाही. १९९०च्या वसंतात ती मिटली. तिचा विदासंच मात्र जपला गेला आणि पुढे वर्षातून एक दिवस ती पुन्हा उभी करण्याची प्रथा पडली. त्या दिवसाला नाव पडले ‘ब्रिगाडून डे’, दीर्घ काळाने एकदाच प्रकटणाऱ्या गावाच्या नाटकावरून. पण विदासंचात काय उरते? प्रत्येक खोलीचे शेवटचे वर्णन. त्याआधी तिथे काय काय लिहिले आणि पुसले गेले, त्याचा माग त्यात नाही. मोडी कागदात खाडाखोड तरी दिसते, शाईखालचा शब्द कधी कधी लागतो. इथे खोडल्याची खूणही राहत नाही.

उरतात खेळाडूंनी जपलेले लॉग. त्यांत बोलणे असते, कृती असतात. पण लॉग खोलीत शिरल्यानंतर सुरू केला असेल तर ‘लुक’ टाइप केल्याशिवाय खोलीचे वर्णन त्यात येत नाही, आणि खेळणाऱ्याला खोली ठाऊक असते म्हणून तो टाइप करत नाही. परिणामी पात्रे कशाला अडखळतात, कोणत्या भिंतीमागे लपतात, हे वीस-तीस वर्षांनी वाचणाऱ्याला कळत नाही.

हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणी अजून असे खेळ खेळत असेल तर एक विनंती आहे. लॉग सुरू केल्यावर पहिल्यांदा ‘लुक’ टाइप करा, आणि प्रसंगाच्या मध्ये कोणी वर्णन बदलले तर पुन्हा एकदा.