शिखरांची ओळख

दार्जिलिंगजवळच्या टायगर हिलवर पहाटे उभ्या राहिलेल्या प्रवाशाला एव्हरेस्ट कोणते, हे वाटाड्याने दाखवावे लागते. समोर कांचनगंगा आकाश व्यापून बसलेली. शंभरांहून अधिक मैलांवरचे एव्हरेस्ट मात्र अलीकडच्या मकालूपेक्षा ठेंगणे भासते. केवळ डोळ्यांवर विसंबणारा येथे हटकून फसतो. हे शिखर ओळखले ते गणिताने. आणि त्या गणिताचा आरंभ हिमालयात नव्हे, आमच्या या बंगळूरच्या पठारावर झाला, हे ऐकून पुष्कळ श्रोत्यांना नवल वाटेल.

श्रीरंगपट्टण १७९९ साली पडले. त्या मोहिमेतील विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने पुढल्याच वर्षी बंगळूरजवळ सुमारे सात मैलांची एक सरळ रेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली. १८०२ मध्ये मद्रासजवळ तशीच रेषा मोजून महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास रीतसर प्रारंभ झाला. पद्धत समजावयास सोपी आहे. एक बाजू जमिनीवर मोजावयाची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यावयाचे. उरलेल्या दोन बाजू कागदावर निघतात, आणि त्याच पुढच्या त्रिकोणांचा पाया होतात. मात्र आरंभीची चूक शेवटपर्यंत सोबत चालते. म्हणून १८०४ साली बंगळूरजवळ पुन्हा साखळी अंथरली गेली. मद्रासपासून हिशेबाने आलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत चार इंचांचाही फरक निघाला नाही! सरकारी मोजणीशी ज्यांचा कधी संबंध आला असेल, त्यांना याचे मोल सांगावयास नको.

जॉर्ज एव्हरेस्टने पुढे ही त्रिकोणांची माळ हिमालयाच्या पायथ्यास नेली. नेपाळात प्रवेश नव्हता. तेव्हा १८४९-५० मध्ये मोजणीदारांनी तराईच्या दमट मैदानातून, शंभर मैलांवरून, ‘शिखर क्रमांक १५’ चे कोन घेतले. पृथ्वीची वक्रता आणि हवेत वाकणारा प्रकाशकिरण यांचा हिशेब करण्यात राधानाथ सिकदार यांचा वाटा मोठा होता. १८५६ साली उंची प्रसिद्ध झाली : २९,००२ फूट. नेपाळ व चीन यांनी २०२० मध्ये ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. अंतर पडले ते अवघे तीस फुटांचे.

शिखराला नाव मिळाले ते मात्र १८४३ मध्येच निवृत्त झालेल्या एव्हरेस्टचे, तेही त्याला स्वतःला न रुचता. सिकदारांचे नाव द्यावयास हवे होते, असे म्हणणारे आहेत. माझ्या मते तिबेटी लोकांचे ‘चोमोलुंग्मा’ पुरेसे होते.

लॅम्बटनला हिमालय दिसलाच नाही. उत्तरेकडे सरकता सरकता तो २० जानेवारी १८२३ रोजी आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे, आणि बल्लारशा-नागपूरमार्गे उत्तरेस जाणाऱ्या गाड्या त्या गावावरूनच जातात.