पुठ्ठा फाटला की नक्षी बोलते

सोलापूरची चादर जकार्डवर विणतात. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत राहते. भोक असेल तिथे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. फ्रान्समधल्या जाकारने १८०४ च्या सुमारास हे यंत्र बनवलं. एखादा पुठ्ठा फाटला तर चूक कापडभर पसरत नाही, नक्षीच्या प्रत्येक फेरीत त्याच जागी येते. दोष कुठे शोधायचा ते ती जागाच सांगते.

आता गंमत बघा. मोटारीच्या क्रँकशाफ्टवर एक दातेरी चाक असतं. अनेक गाड्यांत ६० दातांची जागा, पण दात ५८. गाळलेल्या दोन दातांची फट म्हणजे फेरीची खूण. शेजारचा सेन्सर हे दात मोजतो आणि ठिणगी कधी टाकायची ते संगणक ठरवतो. पूर्वी हे काम पॉइंट करायचे आणि मिस्त्री ते कानाने जुळवायचा. १९७९ मध्ये बॉशच्या 'मोट्रॉनिक'ने ठिणगी आणि इंधन एकाच संगणकाकडे दिलं. आपल्याकडे २००० नंतर प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, तसा मोटारींतला कार्ब्युरेटर गेला. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर नव्या दुचाकींतूनही तो जवळपास नाहीसा झाला.

आता गाडी गरम झाली की बंद पडते, थंड झाली की चालू होते. स्कॅनर 'पी०३३५' दाखवतो आणि लगेच सेन्सर बदलला जातो. पण तो कोड सेन्सरच्या सर्किटविषयी आहे. दोष वायरीत, कनेक्टरमध्ये किंवा चाकातही असू शकतो. मल्टीमीटर सरासरी सांगतो, एकेक दात दाखवत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. त्याचं मूळ ब्राउनच्या १८९७ च्या नळीत आहे.

पडद्यावर चुंबकी सेन्सरची लाट दिसते. प्रत्येक फेरीत त्याच जागी वेडीवाकडी झाली, तर चाकाचा दात तुटलाय किंवा वाकलाय. सगळीच लाट बुटकी असेल, तर सेन्सर आणि चाकातलं अंतर आधी तपासावं. मध्येच, कुठेही तुटत असेल, तर वायर हलवून बघावी. इंजिन तापल्यावरच नाहीशी होत असेल, तर सेन्सरच्या कॉइलवर संशय घ्यावा. हॉल सेन्सरची लाट चौकोनी असते. ती खाली शून्याजवळ येत नसेल, तर अर्थिंग बघावं.

चांगला सेन्सर फेकला की गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि मिस्त्रीवरचा विश्वासही. कानाने इंजिन ओळखणाऱ्या पिढीला वाटतं, आपली विद्या संपली. मला तसं वाटत नाही. १८७७ पासून कापडगिरण्या पाहिलेल्या या गावाला, चूक फिरून कुठे येते ते बघायची सवय जुनीच आहे. फक्त आता कापडाऐवजी पडद्याकडे बघायचं.